आरंभाची अट

जिचा विस्तार एका पुऱ्या मानवी आयुष्याएवढा झाला आहे, अशा कलाकृतीसमोर प्रथमच उभ्या राहणाऱ्या रसिकाच्या मनात जो संकोच उत्पन्न होतो, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. जे पाहायचे ते नीट पाहावे, पूर्वपीठिका ठाऊक नसताना मधूनच डोकावू नये, अर्धवट माहितीवर मत देऊ नये, अशा एका प्रामाणिक वृत्तीतूनच तो संकोच जन्मास येतो आणि म्हणून त्याची दखल आदराने घेतली पाहिजे. ब्रिटनच्या बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची दूरचित्रवाणी मालिका या संकोचाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९८९ ते २००५ हा मधला खंड सोडला, तर ती तेव्हापासून आजच्या काळापर्यंत चालत आली आहे. तिचे भाग नऊशेच्या आसपास पोहोचले आहेत. नायक, म्हणजे काळात कोठेही जाऊ शकणारा डॉक्टर, तोच असला तरी त्याची भूमिका करणारे नट एकामागून एक बदलत गेले आहेत. आणि मूळ मालिकेभोवती कादंबऱ्या, ध्वनिनाट्ये व उपमालिका यांचे जे रान वाढले आहे, त्याची मोजदाद करावयाची तर एक स्वतंत्र दप्तरच उघडावे लागेल. विज्ञानाची गोडी असलेली, इंग्रजी मालिका सहजतेने पाहणारी महाविद्यालयीन मुले मला भेटतात, तेव्हा या मालिकेचे नाव त्यांनी ऐकलेले असते, तिच्यातील निळी पेटी चित्रातून पाहिलेली असते, काहींना तर ती पाहावी अशी मनापासून इच्छा असते. आणि तरीही ‘एवढे सगळे पहिल्यापासून कधी बघणार?’ या एका प्रश्नावर विषय तहकूब होतो, तो कायमचाच.

या प्रश्नातील ‘पहिल्यापासून’ ही जी अट आहे, तिच्याविषयी मला हरकत घ्यावयाची आहे. ही अट मालिकेने घातलेली नाही, तिच्या कर्त्यांनी घातलेली नाही, आणि आणखी पुढे जाऊन मी असे म्हणेन, की ती पाळणे आज जगातील कोणत्याही माणसाला शक्य नाही.

हे शेवटचे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून त्याचा तपशील देतो. समजा, एखाद्या निष्ठावान प्रेक्षकाने क्रमाने जाण्याचा निश्चय केला. पहिली कथा चार भागांची, दुसरी सात भागांची, तिसरी दोन भागांची. असे तेरा भाग, प्रत्येकी पंचवीस मिनिटांचे, तो पाहील. चौथी कथा मार्को पोलोच्या प्रवासाची, १९६४ मध्ये प्रक्षेपित झालेली, सात भागांची. आणि त्या सातांपैकी एकाही भागाचे चित्रण आज उपलब्ध नाही. म्हणजे क्रमाने निघालेल्या यात्रिकाचा रस्ता चौथ्याच मुक्कामावर खचलेला आहे. याचे कारण त्या काळच्या व्यवहारात आहे. चित्रफीत ही महाग वस्तू होती; एका कार्यक्रमाचे काम झाले, की तीच फीत पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरावी, असा शिरस्ता होता; परदेशी विक्रीसाठी फिल्मवर ज्या प्रती काढल्या जात, त्याही विक्रीची मुदत संपली, की निरुपयोगी म्हणून नष्ट केल्या जात. जुना कार्यक्रम पुन्हा कोणी आवडीने पाहील, तो घरी संग्रही ठेवील, ही कल्पनाच तेव्हाच्या जमाखर्चात कोठे नव्हती. परिणाम असा झाला, की पहिल्या दोन नटांच्या कारकिर्दीतील शंभराहून अधिक भाग नाहीसे झाले. त्यांतील काही नंतर अवचित सापडले: एक संपूर्ण कथा १९९२ मध्ये हाँगकाँगहून परत आली, आणि २०१३ मध्ये नायजेरियातील जोस या शहरातून दोन कथांचे हरवलेले भाग मिळाले, तेव्हा ब्रिटनमध्ये ती राष्ट्रीय वार्ता झाली. मात्र ज्या भागांची चित्रे गेली, त्या सर्वांचे ध्वनी शिल्लक आहेत. आणि ते संस्थेच्या दप्तरामुळे नव्हे, तर आपापल्या घरी दूरदर्शन संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून, शनिवारच्या संध्याकाळी तो आवाज टिपून ठेवणाऱ्या तरुण प्रेक्षकांमुळे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कारण ज्यांनी ही ठेव सांभाळली, त्यांतल्या कित्येकांनीही मालिका मधूनच पाहावयास घेतली असली पाहिजे.

इतकेच नव्हे. मालिकेला साठ वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने आपल्या ब्रिटनमधील प्रेक्षकांसाठी आठशेहून अधिक भाग एकत्र खुले केले. पण त्यात पहिलीच कथा नव्हती. तिच्या दिवंगत लेखकाच्या वारसाशी हक्कांबाबत एकमत होऊ शकले नाही, म्हणून जो संग्रह परिपूर्णतेच्या सर्वांत जवळ जाणारा होता, तो आरंभावाचूनच लोकांसमोर आला. ज्या मार्गाचा आरंभ असा अडलेला आणि चौथा मुक्काम असा नष्ट झालेला, त्या मार्गाने आलो नाही म्हणून कोणी स्वतःला अपात्र ठरवावे, यात मला काहीही तथ्य दिसत नाही.

आता कर्त्यांच्या बाजूने पाहू. ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि बीबीसीच्या नाट्यविभागातील त्या एकमेव स्त्री निर्मात्या होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे त्यांच्याहूनही लहान, चोवीस वर्षांचे, मूळचे लखनौचे, केंब्रिजचे पदवीधर. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. एक तरुण स्त्री, एक तरुण हिंदी माणूस, आणि त्यांना हे काम सोपवणारे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाचे. अशा तिघा बाहेरच्यांनी त्या जुन्या, रीतिरिवाजांनी बांधलेल्या संस्थेत एका अरुंद स्टुडिओत हे काम उभे केले. पहिला भाग एकदा चित्रित झाला, तो न्यूमन यांना पसंत पडला नाही, आणि त्यांनी तो पुन्हा नव्याने चित्रित करण्याचा हुकूम दिला. तो प्रक्षेपित झाला, तो केनेडींच्या हत्येचा दुसरा दिवस होता. त्यातच देशाच्या काही भागांत वीज गेलेली. तेव्हा पुढच्या शनिवारी दुसरा भाग दाखवण्याआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. ज्या मालिकेला पहिल्या आठवड्यातच ‘काल ज्यांचे राहिले, त्यांच्यासाठी पुन्हा’ असे म्हणावे लागले, तिच्या स्वभावात उशिरा आलेल्यांची सोय जन्मापासूनच आहे, असे मी मानतो.

आणि तो पहिला भाग, तो ज्याला मिळेल त्याने, अवश्य पाहावा. कर्तव्य म्हणून नव्हे, तर त्याची बांधणी पाहण्यासाठी. धुक्याने भरलेला रात्रीचा रस्ता. गस्तीचा शिपाई हातातील विजेरी एका लाकडी फाटकावर फिरवतो आणि निघून जातो. फाटक आपोआप उघडते, आत भंगार सामानाचा ढीग, आणि त्या ढिगात उभी पोलिसांची एक निळी पेटी, जी मंदपणे गुणगुणते आहे. या सर्वांमागे जे संगीत वाजते, त्याचे स्वर रॉन ग्रेनर यांनी लिहिले, पण ते ऐकू येतात तसे घडवले डेलिया डर्बिशर यांनी. एका ताणलेल्या तारेचा टणत्कार, काही विद्युत्-यंत्रांचे सूर, हे सारे फितीवर घेऊन, तिची गती कमीअधिक करून, प्रत्येक स्वराएवढा तुकडा हाताने कापून आणि एकमेकांना जोडून. संगणकाचा मागमूस नसलेल्या काळातील हे कष्ट आहेत, आणि साठ वर्षांनंतरही ते संगीत या पृथ्वीवरचे वाटत नाही. त्यानंतर कथा येते ती एका शाळेत. दोन शिक्षक, इतिहास शिकवणारी बाई आणि विज्ञान शिकवणारे गृहस्थ, आपल्या एका विद्यार्थिनीविषयी चिंतेत आहेत. तिला काही गोष्टी अवाजवी ठाऊक आहेत, आणि काही अगदी साध्या गोष्टी ठाऊक नाहीत. ते तिच्या मागोमाग भंगाराच्या आवारापर्यंत जातात, त्या पेटीत शिरतात, आणि आत एक विस्तीर्ण, उजळ दालन पाहून थबकतात. प्रेक्षकाला जे कळते, ते या दोन शिक्षकांना कळते तेवढेच आणि त्यांना कळते तेव्हाच. काहीही न कळणारा माणूस कथेच्या मध्यभागी उभा करावयाचा आणि त्याच्या डोळ्यांनी सारे दाखवावयाचे, ही युक्ती या मालिकेने तेव्हापासून सोडलेली नाही. डॉक्टरबरोबरचे सोबती दर काही वर्षांनी बदलतात, आणि प्रत्येक नव्या सोबत्याबरोबर दार पुन्हा एकदा, पहिल्यांदा उघडावे तसे उघडते.

ज्या पूर्वपीठिकेचा धसका नवा प्रेक्षक घेतो, ती कर्त्यांच्याही जवळ प्रथम नव्हती, हे तर विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. डॉक्टर हा कोणत्या जातीचा जीव, याचे उत्तर मालिकेने दिले ते १९६९ मध्ये, सहा वर्षे उलटल्यावर. त्याच्या ग्रहाचे नाव उच्चारले गेले ते १९७३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. मरणोन्मुख झाला असता तो नवे शरीर धारण करतो, हा जो या मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध नियम, तोही आधी ठरवलेला नव्हता. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत गेली, काम झेपेनासे झाले, आणि मालिका तर लोकांना हवी होती. तेव्हा १९६६ मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणताना, चेहरा का बदलला याचा काहीतरी खुलासा करणे भाग पडले, म्हणून ही कल्पना निघाली. एका वृद्ध नटाच्या आजारातून आलेली निकड, आणि तीतून पुढच्या सर्व पिढ्यांची सोय लागून गेली. ज्यांनी या कथा लिहिल्या, ते पुढचे न जाणता लिहीत होते, मागचेही पुष्कळदा विसरून लिहीत होते. एका लेखकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने मोडली, तिसऱ्याने ती तिसऱ्याच रीतीने सांधली. या साऱ्याचा सुसंगत इतिहास मांडण्याचा उद्योग पुढे काही हौशी अभ्यासकांनी केला आणि तो स्तुत्यही आहे. परंतु तो इतिहास हा कथांचा पाया नसून कथांवर नंतर साचलेला थर आहे. नव्या प्रेक्षकाने तो पार केलाच पाहिजे, असे नाही.

आपल्याकडे कीर्तनाला येऊन बसणारा माणूस महाभारताची अठरा पर्वे क्रमाने वाचून येत नाही. बुवांनी त्या रात्री उत्तररंगाला जे आख्यान लावले असेल, ते त्याने ऐकावे; त्यातल्या पात्रांची ओळख आख्यानाच्या ओघात बुवा करून देतात; आणि अशा अनेक रात्री गेल्यावर एखाद्या दिवशी त्या सुट्या आख्यानांचा मिळून एक मोठा पट त्याच्या मनात आपसूक उलगडतो. त्या श्रोत्याला महाभारत येत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. दीर्घकथेशी असा संबंध ठेवण्याची सवय ज्या समाजाला शतकानुशतके आहे, त्यानेच एका दूरचित्रवाणी मालिकेपुढे अनुक्रमणिका घेऊन बसावे आणि हताश व्हावे, याचे मला खरोखर वाईट वाटते. याचा दोष मी थोडासा आपल्या परीक्षाप्रधान शिक्षणाला देतो, ज्याने पहिला धडा झाल्यावाचून दुसरा उघडू नये, हे आपल्या हाडीमासी खिळवले. आणि बराचसा आजच्या प्रक्षेपणसेवांच्या मांडणीला देतो, जी मालिका म्हणून जे काही दाखवते ते एक, दोन, तीन असे आकडे घालून, खाली किती पाहून झाले याची रेघ ओढून दाखवते. मांडणीने आकडा दिला, की मन त्याला कर्तव्य समजते. वास्तविक या मालिकेच्या कर्त्यांनी ‘पर्व पहिले’ हा आकडा आजवर तीन वेळा लिहिला आहे: १९६३ मध्ये एकदा, २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी सोळा वर्षे बंद असलेली मालिका पुन्हा सुरू केली तेव्हा दुसऱ्यांदा. आणि २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. ज्यांनी ती निर्माण केली, त्यांनाच आरंभ पुन्हा पुन्हा करावासा वाटला, तर आपण कोणत्या आरंभाचा आग्रह धरावयाचा?

विज्ञानकथेविषयी मराठी मन उदासीन आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले, हा आपल्या वाङ्मयीन इतिहासातील सर्वश्रुत प्रसंग आहे. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली, ती १९६१ मध्ये, म्हणजे ‘डॉक्टर हू’च्या दोनच वर्षे आधी, प्रक्षेपित झाली, आणि त्या वेळी नारळीकर त्यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. ज्या वातावरणातून ती मालिका आली, त्याच वातावरणाचा एक झरा आपल्या भाषेतील विज्ञानकथेपर्यंत येऊन पोहोचला आहे. तेव्हा हा प्रांत आपल्याला परका नाही.

एक अपवाद मात्र प्रांजळपणे नोंदवला पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे सरसकट होईल. काही मालिका खरोखरीच कादंबरीसारख्या रचलेल्या असतात. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांची ‘बॅबिलॉन ५’ ही पाच पर्वांची मालिका आधी आराखडा आखून लिहिलेली, तिच्या ११० भागांपैकी ९२ त्यांनी एकट्याने लिहिलेले. पहिल्या पर्वात पेरलेले बी तिसऱ्या-चौथ्या पर्वात उगवते. ती मधून पाहणे म्हणजे तिच्या कर्त्याचा अवमान करणे होय. परंतु आपल्याकडे दूरदर्शनवर ज्यांनी मूळ ‘स्टार ट्रेक’ पाहिली, त्यांना तो क्रम कधी ठाऊकही नव्हता, आणि त्यांचे काही अडले नाही. कारण तिचा प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा आहे. ‘डॉक्टर हू’ या दुसऱ्या जातीची आहे.

मग कोठून आत यावे? या बाबतीत माझे मत ठाम आहे. स्टीव्हन मोफॅट यांनी लिहिलेला, २००७ मध्ये प्रक्षेपित झालेला ‘ब्लिंक’ हा पाऊण तासाचा भाग प्रथम पाहावा. यात डॉक्टर स्वतः फार थोडा वेळ दिसतो, आणि तोही बहुतांशी एका जुन्या ध्वनिचित्रमुद्रणातून. कथा आहे ती सॅली स्पॅरो नावाच्या एका तरुणीची, जी एका ओसाड घरात शिरते, भिंतीवरचा सुटलेला कागद सोलते, आणि त्याखाली कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला, खुद्द तिच्याच नावाने दिलेला इशारा तिला वाचावयास मिळतो. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन त्याच घरी येते. दारावरची घंटा वाजते. बाहेर एक अनोळखी तरुण पत्र घेऊन उभा असतो, हे पत्र याच दिवशी, याच वेळी, याच पत्त्यावर द्यावयाचे असे त्याच्या आजीने बजावून ठेवलेले. आणि ती आजी म्हणजे क्षणापूर्वी आतल्या खोलीत उभी असलेली ती मैत्रीणच, जी तेवढ्यात भूतकाळात फेकली गेली, १९२० मध्ये जाऊन पडली, तेथेच संसार करून, म्हातारी होऊन वारली. दारातल्या माणसाचे बोलणे आणि आतल्या खोलीतले मैत्रिणीचे अदृश्य होणे या दोन्ही गोष्टी पडद्यावर एकाच वेळी घडतात. काळ या कल्पनेचा एवढा साधा, एवढा मानवी आणि एवढा भेदक उपयोग मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. आणि त्यासाठी आधीच्या शेकडो भागांपैकी एकही पाहिलेला असण्याची गरज नाही.

ज्याला जुन्या काळाची चव घ्यावयाची असेल, त्याने टॉम बेकर यांच्या कारकिर्दीतील ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ ही १९७५ ची सहा भागांची कथा घ्यावी. देखावे पुठ्ठ्याचे वाटतील, धूर कृत्रिम वाटेल. पण शेवटच्या भागात डॉक्टर दोन उघड्या तारा हाती धरून उभा राहतो, त्या एकमेकींना लावल्या की विश्वाला पुढे हजारो वर्षे छळणारी एक जात जन्मण्याआधीच नष्ट होणार आहे, सोबती म्हणत आहेत की विलंब लावू नकोस, आणि तो थांबतो. एका संपूर्ण जातीचा उच्छेद करण्याचा अधिकार मला आहे काय, हा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो, आणि त्याच्या हातून ते होत नाही. मुलांच्या करमणुकीसाठी म्हणून शनिवारच्या संध्याकाळी दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडला गेला, यातच त्या संस्थेचे मोठेपण आहे.

आणि आपल्या देशाशी ज्याचा साक्षात संबंध आहे, असा एक भाग मी हिंदुस्थानातील प्रत्येक प्रेक्षकाला आग्रहाने सांगेन. तो म्हणजे विनय पटेल यांनी लिहिलेला, ११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रक्षेपित झालेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. डॉक्टरची भूमिका येथे जोडी व्हिटेकर करतात. त्यांची सोबतीण यास्मिन ही शेफील्डमधील एका मुसलमान कुटुंबातील मुलगी. तिची आजी उंब्रीन वाढदिवसाच्या दिवशी तिला एक फुटके घड्याळ देते आणि त्याची हकिकत मात्र सांगत नाही. ती हकिकत शोधण्यासाठी यास्मिन ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते, तर तिची तरुण आजी प्रेम नावाच्या एका हिंदू तरुणाशी विवाह करावयास निघालेली; आणि हा तरुण यास्मिनचा आजोबा नव्हे, एवढे तिला नक्की ठाऊक. फाळणीची रेषा त्यांच्या शेतातून जाते. त्या रेषेवरच दोरीने हात बांधून त्यांचे लग्न लागते, आणि लावणारी असते डॉक्टर, कारण लग्न लावण्यास येणाऱ्या साधूचा खून झालेला असतो. तो खून ज्याने केला तो कोणी परग्रहवासी राक्षस नव्हे, प्रेमचा धाकटा भाऊ आहे. परग्रहवासी जे आहेत, ते तर कोणाची हत्या करावयास आलेलेच नाहीत. एकटे मरणाऱ्या, ज्यांच्या मृत्यूची कोठे नोंद होणार नाही, अशांच्या अखेरच्या क्षणी साक्षीला उभे राहणे, एवढेच व्रत त्यांनी घेतलेले आहे. फाळणीत अशी बेनोंद गेलेली माणसे लाखांनी होती. डॉक्टर काळात कोठेही जाऊ शकते, पण प्रेमला वाचवू शकत नाही. त्याला वाचवले, तर यास्मिन जन्मणारच नाही. आपल्या इतिहासाचा हा प्रसंग इतक्या समजुतीने, कोणत्याही एका बाजूवर दोषारोपाचा दाखला न चिकटवता, ब्रिटनच्या घराघरांत रविवारी संध्याकाळी दाखवला गेला, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो पाहिला नाही तो केवळ आधीचे पाहिलेले नाही म्हणून, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मधून आत येणाऱ्याचे काहीच बुडत नाही, असा माझा दावा नाही. पुष्कळ ओळखीच्या खुणा त्याच्या डोळ्यांसमोरून निसटतील, जुन्या पात्राच्या आगमनाने इतरांचे डोळे पाणावतील तेव्हा तो कोरडा राहील. पण त्याला एक गोष्ट अशी मिळेल, जी क्रमाने जाणाऱ्याला मिळत नाही. २००६ मधील ‘स्कूल रियुनियन’ या भागात सॅरा जेन स्मिथ ही डॉक्टरची जुनी सोबतीण, एलिझाबेथ स्लॅडन यांनी वठवलेली, तीस वर्षांनी परत येते. नव्या प्रेक्षकाला ती ठाऊक नाही. पण त्या वेळची सोबतीण रोझ हिलाही ती ठाऊक नाही, आणि आपल्या आधीही कोणी होते, त्यांना मागे सोडून दिले गेले होते, आपल्यालाही एक दिवस सोडले जाईल, हे रोझच्या चेहऱ्यावर ज्या क्षणी उमटते, त्या क्षणी नव्या प्रेक्षकालाही ते तितक्याच तीव्रतेने कळते. डॉक्टरने तिला घरी सोडतो म्हणून सोडले ते दक्षिण क्रॉयडनऐवजी ॲबर्डीनला, असे सॅरा त्याला बोलता बोलता सुनावते. मग हा प्रेक्षक मागे वळून १९७६ ची ‘द हँड ऑफ फिअर’ ही कथा पाहावयास घेतो, शेवटच्या भागात ती दोघे एकमेकांचा निरोप घेतात, ती रस्त्यावर उतरते, आणि हा आपला रस्ता नव्हे असे तिच्या लक्षात येते. त्या वेळी तिला माहीत नसलेली, लेखकांनाही माहीत नसलेली पुढची तीस वर्षे या प्रेक्षकाला माहीत असतात. १९७६ मध्ये तो भाग पाहणाऱ्या कोणालाही हा अनुभव घेता आला नसता. तेथून त्याने तिची पहिली भेट असलेल्या १९७३ च्या कथेकडे जावे, किंवा सरळ अलीकडच्या पर्वाकडे यावे. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि कोणती घ्यावयाची हे तोवर त्याला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.